चार इंची कडी

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी श्रीपाद करंदीकर घरी आला. तो आमच्या क्रीडा मंडळाचा सचिव. शीला गेल्यापासून चार-पाच वेळा येऊन गेला होता, पण दर वेळी हळू आवाजात बोलायचा. त्या दिवशी दारातूनच मोठ्यानं म्हणाला, "पोपटराव, पत्र आलं! राज्य स्पर्धा आपल्याला मिळाली."

मुलींची राज्य खो-खो स्पर्धा. डोंबिवलीत ती याआधी एकदाच झाली होती, त्याला आता सतरा वर्षं झाली. या वेळचा अर्ज माझ्या बायकोनं, शीलानं केला होता. गेल्या फेब्रुवारीत, पलंगावर बसून. सही वाकडी आली म्हणून तिनं दुसरा कागद मागितला होता. मे महिन्यात ती गेली.

"मिळाली म्हणजे अजून पक्की नाही," श्रीपाद खुर्चीत बसत म्हणाला. "शनिवारी संघटनेच्या निरीक्षक येतायत, मुलींची राहण्याची सोय बघायला. ती पसंत पडली तर स्पर्धा इथं. नाहीतर दुसरा जिल्हा टपून बसलाय. त्यांच्याकडे वसतिगृह आहे."

"मग आपल्याकडे काय आहे?"

"सोळा संघ येणार, पुढच्या बुधवारी, पाच दिवसांसाठी. दहा संघ मंगल कार्यालयात बसतात. सहा संघ मी शाळेत टाकणार होतो, पण शाळेत सराव परीक्षा लागल्यात. एका संघात पंधरा मुली आणि एक बाई. म्हणजे शहाण्णव जणी."

आमच्याकडे मुलींना लॉजवर उतरवत नाहीत. आईबाप पाठवणारच नाहीत. डोंबिवलीची पद्धत अशी की पाहुण्या मुली लोकांच्या घरी उतरतात. एका घरी चार. ही घरं शीला ठरवायची. बावीस वर्षं तिनं हेच काम केलं. जिल्ह्याच्या स्पर्धा असोत, विभागाच्या असोत, कुठल्या घरात कोण जाणार हे तिलाच ठाऊक.

"चोवीस घरं लागतील," श्रीपाद म्हणाला. "वहिनींची वही वगैरे असेल ना?"

"वही नाही. सगळं डोक्यात होतं तिच्या."

त्यानं खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "तुम्हाला काही घरं आठवतील."

मी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्सला फिटर होतो. मंडळाच्या कामात माझा भाग म्हणजे मैदानावर खांब रोवणं आणि ते घासून गुळगुळीत करणं. लोकांकडे जाणं, बोलणं, हे शीलाचं. पण तो अर्ज तिनं केला होता. स्पर्धा दुसरीकडे गेली तर तो कागद वाया जाणार. मी म्हणालो, "फिरतो मी."

श्रीपादनं तिथंच खिशातून कागद काढून एक ते चोवीस आकडे घातले आणि मला दिला.

मंगळवार, बुधवार मी फिरलो. टिळकनगर, रामनगर, पेंडसेनगर. तिच्याबरोबर कधी पिशवी धरायला गेलो होतो तेवढी घरं आठवली. त्यातल्या पाच इमारती पाडून झाल्या होत्या. पत्रे लागलेले, आत खड्डा. लोक भाड्यानं कुठं कुठं गेलेले. एका ठिकाणच्या वॉचमननं मला तीन वर्षांनी या म्हणून सांगितलं.

जी घरं सापडली त्यांनी एकदम हो म्हटलं. मला वाटलं होतं समजवावं लागेल. टिळकनगरमध्ये कादंबरी म्हणून एक मुलगी आहे, तिशीतली, बँकेत आहे. ती म्हणाली, "काका, माझं लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा काकूंनी आमच्याकडे चार मुली आणून टाकल्या. सासूबाईंना म्हणाल्या, सुनेला सोबत होईल. त्यातली एक बारा पोळ्या खायची. मी रडकुंडीला आलेले."

"मग या वेळी नको का?"

"नको कशाला? आता कणीक मळायचं मशीन घेतलंय. पाठवा."

तिनं तिच्या सोसायटीतली आणखी दोन घरं मिळवून दिली. त्यांनी आणखी तीन. असं करत बुधवार संध्याकाळपर्यंत तेवीस झाली. प्रत्येक घरात मी सगळं तपासलं होतं. पंखा चालतो का, पाणी किती वाजता येतं, टाकी केवढी. गीझरला अर्थिंग आहे का ते टेस्टरनं बघितलं. दोन घरांत नव्हतं, ते करून दिलं. मशीन चालू करायच्या आधी जसं बघतात तसं बघितलं.

यादी श्रीपादला नेऊन दिली. म्हटलं, "एक कमी पडतंय."

त्यानं सगळी यादी चांगल्या अक्षरात लिहून काढली. "कमी कुठंय? बरोबर चोवीस होतात. मी पाठवून पण देतो," म्हणाला आणि मोबाईलवर फोटो काढून निरीक्षकांना पाठवला. मग मी कागद बघितला. पहिलं नाव होतं, सौ. शीला पोपट शिंगटे.

"श्रीपाद, अरे हे काय लिहिलंस?"

त्यानं कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. "पोपटराव, हात आपोआप गेला हो. बावीस वर्षं यादी वहिनींपासूनच सुरू होते. दर वेळी त्या म्हणायच्या, एक नंबरला माझं घाला, मग लोकांना सांगायला तोंड राहतं."

"आता?"

"आता गेलं. बदलायला गेलो तर आपल्याकडे तेवीसच आहेत असं होईल. बघू, दोन दिवसांत एखादं मिळेल."

गुरुवारी दिवसभर मला एकही नवीन घर मिळालं नाही. संध्याकाळी कमळाबाईंकडे गेलो. कमळाबाई शीलाच्या मैत्रीण, तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. दोघी लहानपणी टेंभी नाक्याला शेजारी राहायच्या, ठाण्याच्या संघातून एकत्र खेळायच्या. लग्न होऊन दोघीही डोंबिवलीत आल्या. यादीत त्यांचं घर नववं होतं. त्यांनी चष्मा लावून सगळी नावं वाचली.

"घरं बरी मिळवलीत की भाऊजी. मला वाटलं चार दारं बघून घरी जाऊन झोपाल." मग विचारलं, "कड्या बघितल्यात का?"

"कसल्या कड्या?"

"बाथरूमच्या. आतून."

"दारं लागतात सगळीकडे. बघितलंय."

"दार लागणं वेगळं, कडी वेगळी. शीला घरात गेली की आधी पाणी मागायची आणि मग हात धुवायला म्हणून बाथरूमला जायची. आत जाऊन कडी घालून बघायची. कडी नसली तर त्या घराला मुली नाहीत. कितीही मोठा बंगला असू दे."

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"तुम्हाला कसं माहीत असणार?" त्या उठल्या, चहा टाकला आणि स्वयंपाकघरातूनच बोलत राहिल्या. "ती पंधरा वर्षांची होती. स्पर्धेला बाहेरगावी गेलो होतो. चांगली माणसं होती हो, पोटभर जेवायला घातलं. पण न्हाणीला नुसतं लोटायचं दार. घरात तीन पुरुष. एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर दाराला पाठ लावून उभं राहायचं. एकदा मी उभी होते, घरातल्या बाईनं मला हाक मारली, मी गेले. तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं. मुद्दाम नव्हे, घरातलंच माणूस, सवयीनं आलेलं. उघडलं आणि लगेच लावलं. पण नंतर चार दिवस शीलानं अंघोळ केली नाही. उन्हात खेळत होती आणि अंघोळ नाही. उपांत्य सामन्यात खांबाजवळ उभ्या उभ्या बाद झाली. खेळ येत नव्हता म्हणून नव्हे."

चौतीस वर्षं आमचा संसार झाला. मी म्हणालो, "मला कधी बोलली नाही."

"बोलून काय करायचं? तुमच्याकडून कड्या आणवल्या ना."

ते खरं होतं. वर्षातून दोन-तीन वेळा मी कामाला निघताना शीला म्हणायची, येताना एक चार इंची कडी आणा. वागळे इस्टेटमध्ये आमच्या कंपनीच्या गेटासमोर हार्डवेअरचं दुकान होतं, तिथून मी स्टीलची आणायचो. दुकानातल्या कडीच्या दांड्याचं टोक धारदार असतं, हाताला लागतं. मी ते कानशीनं घासून गोल करून द्यायचो. माझं छोटं हातड्रिल कधी जागेवर नसायचं, त्यावरून मी कुरकुर करायचो. एकदा विचारलं होतं, इतक्या कड्या कुठं घालतेस गं? ती म्हणाली, लागतात.

मी आणखी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी ड्रिल मशीन, स्क्रू आणि दहा नव्या कड्या पिशवीत घेतल्या. कमळाबाई म्हणाल्या, मी पण येते, तुम्ही बोलायचे नाहीत. रिक्षा ठरवली आणि आम्ही यादीतली घरं पुन्हा बघायला निघालो.

जुन्या आठ घरांत माझ्या कड्या होत्या. गोल टोकावरून लगेच ओळखू आल्या. काहींवर रंगाचे हात चढले होते, एक गंजायला लागली होती, पण सगळ्या चालत होत्या. सगळ्या नेहमीपेक्षा वीतभर खाली लावलेल्या. मला वाटलं, तिची उंची कमी, हात पुरेल तिथं लावली असेल. कमळाबाई म्हणाल्या, "बारक्या मुली असतात भाऊजी. बारा-तेरा वर्षांच्या पण येतात."

स्क्रू सरळ बसवलेले होते. एकही तिरका नव्हता. ते मी तिला शिकवलेलं नव्हतं.

नव्या चौदा घरांपैकी पाच घरांत कडी ठीक होती. नऊ घरांत घोळ होता. कुठं कडी होती पण गंजून सरकेनाशी झालेली. कुठं फायबरचं दार, त्यात स्क्रू धरत नाही, आरपार नटबोल्ट टाकावा लागला. एका घरात कडी होती ती बाहेरून.

पेंडसेनगरमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "अहो, घरात आम्ही दोघं आणि मुलगा. कडी हवीय कशाला? वीस वर्षं काही अडलं नाही."

कमळाबाई म्हणाल्या, "तुमचं नसेल अडलं. बायकोला विचारलंत कधी?"

आतून आवाज आला, "लावा हो काका, लावा. चांगली मजबूत लावा."

गृहस्थ पेपर वाचायला लागले.

साडेपाचला शेवटची कडी लावून झाली. एक पिशवीत उरली. रिक्षात बसल्यावर कमळाबाई म्हणाल्या, "आता एक नंबर."

"ते माझंच घर आहे. ते श्रीपाद बदलणार आहे."

"बदललं का त्यानं?"

"नाही अजून."

"मग यादीत आहे. चला."

त्या घरात आल्या, चप्पल काढली आणि पूर्वी शीलाकडे येत होत्या तशाच सरळ आत गेल्या. बाथरूमच्या दारापाशी थांबल्या. दारावर आतल्या बाजूला स्क्रूची चार भोकं होती. कडी नव्हती.

"ही कुठं गेली?"

"मी काढली."

मग सांगावं लागलं. शीलाचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा तिला चक्कर यायची. गेल्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीत ती आत पडली. कडी लावलेली होती. मी दार खांद्यानं तोडायला बघत होतो, शेवटी खालून पहार घालून उचकटलं. तिच्या कपाळाला दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी मी दार दुरुस्त केलं आणि कडी काढून टाकली. तिनं बघितलं. म्हणाली, "काढलीत?" मी म्हटलं, "काढली. पुन्हा पडलीस तर?" ती म्हणाली, "बरं."

पुढचे सात महिने ती अंघोळीला जाताना टॉवेल दारावर टाकायची, अर्धा बाहेर दिसेल असा. आणि आतून मोठ्यानं सांगायची, "मी आत आहे हं." रोज. मी बाहेर पेपर वाचत असायचो. मी म्हणायचो, "माहितीय. दुसरं कोण आहे घरात?" कधी कधी वैतागून म्हणायचो.

हे शेवटचं मी कमळाबाईंना सांगितलं नाही. त्यांना फक्त पडल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर केलंत. मी पण काढली असती."

मी स्टुलावर बसलो. म्हणालो, "तसंही हे घर चालणार नाही. इथं बाई नाही."

कमळाबाईंनी दार हलवून बघितलं. मग म्हणाल्या, "बाई मुलींबरोबर त्यांची येते ना एक. घरात बाई नाही ही अडचण नाही भाऊजी. घरात बाप्या आहे, ती अडचण आहे."

"मग?"

"मग बाप्यानं पाच दिवस जावं कुठंतरी. लेक नाही का तुम्हाला?"

माझी मुलगी प्राची आणि जावई विनीत ठाण्यात नौपाड्याला राहतात. मे महिन्यापासून दर रविवारी फोनवर म्हणत होती, बाबा, थोडे दिवस या. मी एक रात्रही गेलो नव्हतो. घर बंद ठेवायचं माझ्या मनाला पटत नव्हतं. का ते मला सांगता आलं नसतं.

मी हत्यारांच्या पेटीत खालपर्यंत हात घालून जुनी कडी शोधली. नवी होती, पण जुनीच लावायची होती. जुन्या भोकांत स्क्रू धरेनात, मग ती बुजवली आणि कडी वीतभर खाली लावली. कमळाबाई बाहेर गेल्या. मी आतून कडी घातली.

"ढकला," मी म्हटलं.

त्यांनी दार ढकललं. मग जोरात ढकललं.

"बसली," त्या बाहेरून म्हणाल्या. "आता बाहेर या. का तिथंच राहायचंय?"

मला थोडा वेळ लागला. तोंड धुऊन बाहेर आलो. त्या चहाचं आधण ठेवत होत्या.

मी प्राचीला फोन लावला. म्हटलं, "प्राची, पुढच्या बुधवारपासून पाच दिवस येऊ का?"

"बाबा, बरं आहे ना तुम्हाला?"

"बरं आहे. घर द्यायचंय."

"घर विकताय?"

"नाही गं. मुलींना द्यायचंय. खो-खोच्या."

 मग म्हणाली, "आईचं काम करताय होय? या. विनीतला सांगते, तो घ्यायला येईल."

"मला रस्ता माहीत आहे," मी म्हणालो.

शनिवारी अकराला निरीक्षक आल्या. उत्तराताई, पन्नाशीच्या, केस कापलेले, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी आधी मंगल कार्यालय बघितलं. मग यादी उघडून म्हणाल्या, "घरांपैकी मला दोन दाखवा. सतरा नंबर आणि एक नंबर."

श्रीपादचा चेहरा उतरला. सतरा नंबर कादंबरीचं होतं, ते पाच मिनिटांत झालं. मग त्या आमच्याकडे आल्या. पंखा लावला, खिडक्या बघितल्या. मग विचारलं, "शीला शिंगटे कुठं आहेत?"

श्रीपाद पुढे झाला. "मॅडम, ते असं झालं की यादी करताना…"

मी म्हणालो, "ती नाही. मे महिन्यात वारली. नाव चुकून गेलंय."

"मग इथं कोण राहतं?"

"मी एकटा. त्या पाच दिवसांत मी इथं नसेन. ठाण्याला मुलीकडे जाणार. किल्ली संघाच्या बाईंकडे देणार. या शेजारच्या बाई लक्ष ठेवतील." सकाळपासून आमच्याकडे येऊन बसलेल्या कमळाबाईंनी मान हलवली. त्या शेजारी राहत नाहीत, दोन गल्ल्या पलीकडे राहतात.

उत्तराताईंनी विचारलं, "बाथरूम कुठंय?"

मी दाखवलं. त्या आत गेल्या, दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला. त्यांनी आतून दार दोनदा हलवून बघितलं. मग बाहेर आल्या आणि श्रीपादला म्हणाल्या, "पेन द्या."

श्रीपाद म्हणाला, "मॅडम, नाव तसंच राहू द्यायचं का? वहिनींनीच अर्ज…"

"नको," मी म्हणालो. "बदला. मुली बाहेरगावाहून येणार. दारात येऊन तिच्या नावानं हाक मारतील. पोपट शिंगटे लिहा."

उत्तराताईंनी एक रेघ मारली आणि वर माझं नाव लिहिलं. मग तारीख टाकून खाली सही केली. "बुधवारी संघ पाठवतो," म्हणाल्या. "मैदान मी बघितलंय. खांब चांगले आहेत."

बुधवारी दुपारी धाराशिवच्या तीन मुली आणि त्यांच्या बाई आल्या. मी किल्ली दिली, गॅस कसा लावायचा ते दाखवलं आणि पिशवी घेऊन निघालो. नौपाड्यात प्राचीनं माझ्यासाठी खोली आवरून ठेवली होती. पहिल्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या रात्री आली.

रोज सकाळी मी मैदानावर यायचो. खांबांची जबाबदारी माझीच होती. शुक्रवारी मी मैदानाच्या कडेला उभा होतो, तेव्हा आमच्या घरी उतरलेली एक मुलगी पळत आली. पाठीवर सात नंबर. सगळ्यात बारकी तीच होती.

"आजोबा, तुमच्या बाथरूमची कडी लई घट्ट हाय. सकाळी मी आत अडकले. बाई बाहेरून वरडायल्या आणि मला ती सरकंना."

"बरेच दिवस वापरात नव्हती ती," मी म्हणालो. "तेल घालायला पाहिजे."

"तेल कुठंय? आम्ही सगळं धुंडाळलं. गोडं तेल घालू का?"

"गोडं नको, चिकट होईल. शिलाई मशिनीच्या खणात एक छोटी प्लॅस्टिकची बाटली आहे, लांब तोटीची. दोन थेंब घाल आणि दहा वेळा पुढं-मागं कर."

"दोनच?"

"दोनच. जास्त घातलं तर सैल पडेल."

तिकडून तिच्या बाईंनी तिला हाक मारली. तिनं बुटाची नाडी बांधली आणि गेली. तिचा सामना होता.